जेप्पूचा कौल कारखाना

भाजलेल्या मातीचे इमारतीतील मुख्य उपयोग दोन : भिंतीसाठी वीट आणि छपरासाठी कौल. दोन्हींना लागणारी माती एकाच जातीची असते आणि ती मळण्याची, वाळवण्याची व भाजण्याची रीतही मुळात एकच आहे. असे असूनही मंगळूरजवळ जेप्पू येथे नेत्रावती नदीच्या काठी बासेल मिशनने १८६५ मध्ये जो कारखाना सुरू केला, तो पहिल्यापासून कौलांचा कारखाना म्हणूनच ओळखला गेला आणि विटा हे त्याचे दुय्यम उत्पादन राहिले. याचे कारण त्या भूमीतच आहे. कोकण, गोवा आणि कानडा या सलग पट्ट्यात जमिनीखाली जांभा दगड पसरलेला आहे. लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असलेला हा सच्छिद्र दगड खाणीत ओला असताना हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्यावर वारा लागला की टणक होतो. जेथे चिरा असा जमिनीतून तयारच निघतो, तेथे सरपण जाळून वीट भाजण्याची निकड भासत नाही. भिंतीची सोय निसर्गानेच करून ठेवलेल्या, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात खरा प्रश्न उरत होता तो छपराचा, आणि जेप्पूच्या कारखान्याने हात घातला तो नेमका त्याच प्रश्नाला.

कारखान्यापूर्वीची छपरे दोन प्रकारची असत. गरिबाचे घर गवताने किंवा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेले असे, तर ज्याला परवडे त्याच्या घरावर कुंभाराच्या चाकावर घडवलेली कौले, म्हणजे नळे, असत. नळा तयार करण्याची पद्धत मोठी सुबक आहे. कुंभार चाकावर एका टोकाला किंचित निमुळती होत जाणारी नळी ओढतो, ती अर्धवट सुकली की उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि मग ते भट्टीत भाजतो. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या दोन कडांवर दुसरी ओळ पालथी, अशा रीतीने हे अर्धगोल तुकडे एकमेकांवर केवळ आपल्या वजनाने बसतात. कुठलाही नळा वाशाला किंवा शेजारच्या नळ्याला अडकलेला नसल्याने वाऱ्याने, मांजराने, वानराने किंवा पडलेल्या नारळाने तो सरकतो, आणि एक नळा सरकला की घरात धार लागते. म्हणून दरवर्षी पावसापूर्वी माणसे छपरावर चढवून सगळे नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे आणि उरलेले पुन्हा रचायचे, हे काम किनारपट्टीवरील प्रत्येक कौलारू घराच्या वर्षक्रमात ठरलेले होते. ही शाकारणी जाणत्या हाताचे काम होते, कारण दोन नळे तंतोतंत सारखे कधीच नसत आणि कोणता कोठे बसेल हे रचणाऱ्याला डोळ्यांनी ठरवावे लागे.

बासेल मिशन ही संस्था स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात १८१५ मध्ये स्थापन झाली. तिचे बरेचसे कार्यकर्ते शेजारच्या जर्मन प्रदेशातून, विशेषतः व्युर्टेम्बर्गमधून आलेले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना भारतात काम करण्याची वाट मोकळी केल्यावर १८३४ मध्ये या संस्थेचे पहिले तीन मिशनरी पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. मराठी वाचकाला या संस्थेचे नाव धारवाडच्या बासेल मिशन हायस्कूलमुळे परिचित असते. कन्नड भाषेच्या अभ्यासकांना ते मंगळूरच्या छापखान्यामुळे अधिक जवळचे वाटते, कारण कन्नडमधील पहिले वृत्तपत्र मानले जाणारे ‘मंगळूर समाचार’ हेर्मान म्योग्लिंग यांनी १८४३ मध्ये याच मिशनकडून काढले आणि फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोशही १८९४ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला.

धर्मप्रसारासाठी आलेली संस्था कारखानदारीकडे वळली ती गरजेपोटी. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला जातीबाहेर टाकले जाई, त्यामुळे तिची जमीन कसण्याची सोय आणि परंपरागत काम ही दोन्ही एकाच वेळी सुटत. त्यातच दक्षिण कानड्यात नवख्रिस्त्यांपैकी अनेक जण बिल्लव समाजातील होते, ताडी काढणे हा या समाजाचा एक प्रमुख व्यवसाय होता आणि तो मिशनला मान्य नसल्याने सोडावा लागे. या लोकांना पोटापाण्याचे काम देणे ही मिशनची जबाबदारी ठरली, आणि शेतीपासून घड्याळे तयार करण्यापर्यंत अनेक उद्योग करून पाहण्यात आले. त्यांतील बहुतेक तगले नाहीत, हातमागावरील कापडाचे विणकाम मात्र टिकले. १८५९ मध्ये या व्यवहारांसाठी बासेल येथे वेगळी व्यापारी कंपनी स्थापन करण्यात आली. तिच्या भागधारकांनी मर्यादित लाभांशावर समाधान मानावे आणि उरलेला नफा मिशनच्या कामाकडे जावा, अशी व्यवस्था होती. कारखान्याचे भांडवल आणि त्याचा हेतू या दोहोंवर या रचनेचा ठसा आहे. जेप्पूचा कारखाना एखाद्या व्यापाऱ्याने नफ्याच्या हिशोबाने काढलेला नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या प्रयोगांना जो वेळ आणि धीर लागला, तो त्याला मिळू शकला.

हे प्रयोग करणारे गेओर्ग प्लेब्स्ट हे शिक्षणाने यंत्रज्ञ होते. १८५१ मध्ये ते मंगळूरला आले तेव्हा त्यांच्याकडे मिशनच्या छापखान्याचे काम होते. तोपर्यंत तेथे शिळाछाप, म्हणजे दगडावर लिहून त्यावरून छापण्याची पद्धत होती, आणि तिच्या जागी सुट्या खिळ्यांची छपाई आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. कौलांच्या इतिहासात ही गोष्ट सहसा ओझरती सांगितली जाते, पण तिला अधिक महत्त्व द्यायला हवे. खिळ्यांचे ओतकाम करणारा माणूस एकाच साच्यातून शेकडो सारखे तुकडे काढतो, आणि एक खिळा केसभर उंच झाला तरी ओळ बिघडते हे त्याला रोज दिसत असते. पुढे युरोपातील वास्तव्यात प्लेब्स्ट यांनी मृत्तिकाकामाचे, म्हणजे माती घडवून भाजण्याच्या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत आल्यावर नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या खोऱ्यांतील माती तपासून ती साच्याच्या कौलाला योग्य आहे हे दाखवून दिले.

साच्याचे कौल ही कल्पना मुळात युरोपातील होती. अल्सासमधील अल्टकिर्श येथील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते आणि पुढे फ्रान्समध्ये, विशेषतः मार्सेय शहराच्या परिसरात, अशा कौलांचा मोठा उद्योग उभा राहिला. या कौलाच्या एका उभ्या कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेवर बसणारी कड असते, वरच्या टोकाला आडवी पन्हळ असते आणि खालच्या बाजूला रिपेला, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीला, अडकणारी नाके असतात. एक कौल दुसऱ्यात गुंतले की पाणी खाचेतून वळून खालच्या कौलावर पडते आणि वाऱ्याचा झोत सांध्यातून आत शिरू शकत नाही. नळ्यांच्या छपरात मातीचे दोन थर लागतात, या कौलात जवळजवळ एकच थर पुरतो. एक चौरस मीटर छपराला साधारण १५ कौले आणि प्रत्येकाचे वजन दोन ते तीन किलो, असा पुढे प्रमाणित झालेल्या मंगळुरी कौलाचा हिशोब आहे. छपराचा भार असा हलका झाल्याने वासे बारीक चालतात, लाकूड वाचते आणि मोठ्या गाळ्याची इमारतही कौलांनी झाकता येते.

मात्र या सगळ्या लाभांची एक अट आहे, ती म्हणजे प्रत्येक कौल दुसऱ्या प्रत्येक कौलासारखे असले पाहिजे. विटेच्या बाबतीत ही अट एवढी कडक नसते. वीट थोडी वाकडी किंवा आखूड निघाली तरी गवंडी दोन विटांमधल्या चुन्याचा थर कमीजास्त करून ती सांभाळून घेतो. अडकणाऱ्या कौलांच्या सांध्यात चुना नसतो. तेथे कड खाचेत बसते किंवा बसत नाही, तिसरा पर्याय नाही. जेप्पूच्या कारखान्यातील यंत्रे, मांडण्या आणि कामाची शिस्त यांचा अर्थ या एका अटीतून लागतो, आणि हा एकसारखेपणा साधणे हेच त्या कारखान्याचे सर्वांत मोठे तांत्रिक यश होते असे म्हणावे लागते, कारण माती हा पदार्थच एकसारखेपणाच्या विरुद्ध वागणारा आहे. ओली माती वाळताना आकसते, भाजताना पुन्हा आकसते, आणि किती आकसेल हे तिच्यातील बारीक कणांचे, वाळूचे आणि पाण्याचे प्रमाण ठरवते. म्हणून साचा हव्या असलेल्या कौलाहून मोठा ठेवावा लागतो आणि रोजची माती कालच्या मातीसारखीच आकसेल याची खबरदारी घ्यावी लागते.

ही खबरदारी खाणीपासून सुरू होई. नदीकाठच्या आणि भातशेतीच्या सखल जमिनीतील चिकणमाती उन्हाळ्यात खणून, नावांतून आणि गाड्यांतून कारखान्यात आणली जाई, कारण पावसाळ्यात त्या जागा पाण्याखाली जातात. वेगवेगळ्या ठिकाणची माती ठराविक प्रमाणात मिसळून आणि भिजवून ढीग घालून मुरत ठेवली जाई, म्हणजे पाणी तिच्या कणाकणांत सारखे पोहोचे. नंतर ती मळणयंत्रातून काढीत. उभ्या पिंपात फिरणाऱ्या पात्यांनी माती कापत, दाबत खाली ढकलणारे हे साधे यंत्र सुरुवातीच्या काळात बैलांच्या जोडीने फिरवले जाई. त्यातून निघालेल्या मातीची लादी तेल लावलेल्या साच्यावर ठेवून वरून स्क्रूच्या दाबयंत्राने दुसरा साचा दाबला की कौलाच्या दोन्ही बाजू, खाचा आणि नाके एकाच वेळी उमटत. तेल नसेल तर ओली माती साच्याला धरून बसते आणि कौल सुटताना वाकते. पुढील काळातील यंत्रांत पाच बाजूंचा फिरता पिंप बसवलेला असे. त्याच्या प्रत्येक बाजूवर खालचा साचा असल्याने एक कौल दाबले जात असताना दुसरे काढून घेता येई.

दाबलेल्या कौलाच्या कडांना आलेली जादा माती तारेने किंवा पात्याने काढून ते लाकडी चौकटीवर सावलीत वाळत ठेवीत. येथे घाई चालत नाही. उन्हात ठेवलेल्या कौलाची वरची बाजू आधी आकसते आणि खालची ओलीच राहते, त्यामुळे कौल पिळवटते, आणि पिळवटलेले कौल कितीही चांगले भाजले तरी छपराच्या कामाचे राहत नाही. कौल कारखान्यांच्या इमारती लांबलचक, मजल्यांच्या आणि सर्व बाजूंनी जाळीदार का असतात, याचे उत्तर या वाळवणीत आहे. वारा सगळीकडून यावा, पण ऊन कोठूनही येऊ नये, अशा या प्रचंड मांडण्याच होत.

वाळलेली कौले भट्टीत उभी रचून सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली जात. भट्टी तापू लागली की प्रथम मातीत उरलेले पाणी वाफ होऊन निघून जाते, आणि आच जलद वाढली तर ही वाफ कौल फोडते. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेले पाणी बाहेर पडते, आणि येथून पुढे माती पाण्यात पुन्हा कधीही विरघळत नाही. त्याहून वर कण एकमेकांना धरू लागतात आणि भट्टीत पुरेशी हवा असेल तर मातीतील लोहाचे तांबड्या ऑक्साइडात रूपांतर होते. मंगळुरी कौलाचा परिचित लाल रंग हा बाहेरून दिलेला नाही, तो या भूमीतील लोहाचा रंग आहे. भट्टीतून उतरवलेल्या प्रत्येक कौलाला टिचकी मारून आवाज पाहत. खणखणीत वाजणारे कौल पक्के, आणि बद्द आवाज देणारे कौल कच्चे किंवा तडकलेले समजून बाजूला ठेवले जाई.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत प्रत्येक वेळी भट्टी भरावी, तापवावी, विझवावी आणि निवल्यावर रिकामी करावी लागे, त्यामुळे भिंतींत साठलेली सगळी उष्णता दरवेळी वाया जाई. वीटउद्योगाने या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे फ्रीड्रिख होफमान यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेली अखंड भट्टी. तिच्यात वर्तुळाकार ओळीने खोल्या असतात आणि आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीकडे सरकत राहते. भाजून झालेल्या मालाची उष्णता पुढे येणाऱ्या हवेला तापवते आणि जळालेला गरम वायू समोरच्या कच्च्या मालाला वाळवत जातो, त्यामुळे सरपणाची मोठी बचत होते. वीटभट्टीसाठी जन्मलेले हे तत्त्व पुढे पश्चिम किनाऱ्यावरील कौल कारखान्यांनीही उचलले.

जेप्पूचे यश फार काळ एकट्याचे राहिले नाही. अवघ्या तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला आणि त्यानंतर नदीकाठाने स्थानिक उद्योजकांच्या धुराड्यांची रांगच उभी राहिली. धर्मसंस्थेने गरजेपोटी आणलेले तंत्र इतक्या लवकर शहराचे स्वतःचे झाले, ही या इतिहासातील विशेष समाधानाची बाब आहे. मिशननेही आपला विस्तार केला. १८७३ मध्ये कालिकत, १८८२ मध्ये मंगळुरातच कुद्रोळी, नंतर मलपे, कोडक्कल, पालघाट आणि १९०५ मध्ये फेरोक असे कारखाने निघाले, आणि १८८० च्या दशकात बैलांची जागा वाफेच्या यंत्राने घेतली. साध्या कौलांबरोबर आढ्यावर बसवायचे कोने, उजेडासाठी काच बसवायची कौले, धूर व गरम हवा बाहेर सोडणारी झरोक्याची कौले, जमिनीच्या फरश्या आणि विटाही येथे तयार होऊ लागल्या.

माल जाई तो मुख्यतः समुद्रमार्गाने. मंगळूरला रेल्वे पोहोचली ती १९०७ मध्ये, म्हणजे कारखाना सुरू झाल्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळाने, आणि तोपर्यंत कौलांचा व्यापार गलबते, पातेमाऱ्या आणि मचवे यांच्यावरच उभा होता. माती नदीतून यायची, सरपण घाटाखालच्या जंगलांतून यायचे आणि तयार माल त्याच नदीच्या मुखातून समुद्रात जायचा, ही सोय नसती तर मातीसारखी जड आणि ठिसूळ वस्तू दूरच्या बाजारात परवडली नसती. सिलोन, ब्रह्मदेश, एडन आणि पूर्व आफ्रिका येथपर्यंत मंगळुरी कौल गेले, पण मुंबई ही त्याची मोठी आणि जवळची बाजारपेठ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगाने वाढणाऱ्या त्या शहरातील चाळी, गोदामे, गिरण्यांच्या वखारी आणि सरकारी इमारती यांना हलके, लवकर बसणारे आणि वर्षावर्षाला परतावे न लागणारे छप्पर हवे होते. त्याच वाटेवरील मालवण, रत्नागिरी आणि गोव्याच्या बंदरांतही कौले उतरली. प्रथम देवळे, चर्च, शाळा आणि सुखवस्तू घरे, आणि पुढे मुंबईच्या कमाईवर बांधलेली साधी घरे अशा क्रमाने लाल कौल कोकणात पसरले, आणि आज ज्याला कोकणी घराचे पारंपरिक रूप म्हटले जाते त्यातील छपराचा भाग बहुतेक ठिकाणी या कारखान्यांनी घडवलेला आहे.

या यशाची किंमत कोणी मोजली, याचाही उल्लेख करायला हवा. नळे घडवणाऱ्या कुंभाराचे एक मोठे काम गेले, आणि जाणत्या हाताने दरवर्षी करायच्या शाकारणीची गरजही ओसरली. रचणाऱ्याच्या नजरेत असलेले कसब आता साच्यात गेले होते. कारखान्यात काम मिळालेल्यांना नियमित मजुरी मिळाली, जातीने बंद केलेली दारे येथे उघडी होती आणि स्त्रियांनाही मोठ्या संख्येने रोजगार मिळाला. मात्र शेतीच्या ऋतूंवर चालणाऱ्या आयुष्यातून घंटेवर चालणाऱ्या दिवसात जाणे सोपे नव्हते, आणि मालक व धर्मगुरू एकाच संस्थेचे असल्याने कामगाराचे घर, चर्च आणि कारखाना या तिन्ही ठिकाणच्या वागण्यावर एकच नजर राही. नदीकाठच्या शेतांत मातीच्या उपशाने खड्डे पडले, आणि भट्ट्यांनी घाटाखालचे किती जंगल खाल्ले याचा हिशोब त्या काळी कोणी ठेवला नाही.

पहिल्या महायुद्धाने मिशनच्या कारखानदारीचा शेवट केला. जर्मन माणसांनी चालवलेली संस्था म्हणून ब्रिटिश सरकारने तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९१९ मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे कारखाने सोपवले. मंगळूरचा कौलउद्योग त्यामुळे थांबला नाही, कारण तोवर तो एकट्या मिशनचा राहिलाच नव्हता. त्याला खरा धक्का दिला तो स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंटच्या स्लॅबने आणि पत्र्याने, आणि मातीच्या व सरपणाच्या टंचाईने त्यात भर घातली. धुराडी एकामागून एक थंड पडली.

त्या कारखान्यांचा सर्वांत विपुल दस्तऐवज आजही घराघरांच्या छपरांवर आहे. कौलाच्या खालच्या बाजूला कारखान्याचे नाव, गाव, कधी एखादे चिन्ह आणि बहुधा एक साल उठावात उमटवलेले असते. हे साल वाचताना एक चूक नेहमी होते. बासेल मिशनच्या कौलावरील १८६५ किंवा अल्बुकर्कच्या कौलावरील १८६८ हे कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, त्यावरून घर दीडशे वर्षांचे ठरत नाही. काळ ठरवण्यासाठी अधिक उपयोगी पडते ते नाव, कारण कॉमनवेल्थ ट्रस्टचे कौल १९१९ पूर्वीचे असू शकत नाही. कोकणात आणि मुंबईत जुनी घरे उतरवली जात असताना ही कौले भरावात टाकली जातात किंवा फोडून खडी केली जाते. ज्यांच्या घरांचे छप्पर आता उतरणार आहे त्यांनी प्रत्येक छापाचे निदान एक अखंड कौल ठेवावे, आणि त्याच्यासोबत गावाचे नाव, घर बांधल्याचे साल आणि कौले कोणत्या बंदरातून आणली होती ही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली माहिती लिहून ठेवावी.